घोडी नेमकी कोणत्या क्षणी ‘नको’ म्हणते?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. सात वर्षांची घोडी आहे. खोगीर पाठीवर ठेवेपर्यंत शांत उभी राहते, पण तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा, कसायला घेतला की कान मागे पाडते आणि चावायला येते. स्वार झाल्यावर पहिली दहा मिनिटं पाठ ताठ ठेवून आखूड पावलं टाकते, मग हळूहळू मोकळी होते. अलीकडे लगाम चढवतानाही डोकं वर नेते. वर्षभरात तुम्ही तीन खोगिरं बदललीत, जेलचं पॅड आणलंत, तंगाला मेंढीच्या लोकरीचं आवरण घातलंत. आणि आता विचारताय की अशा नाजूक घोडीसाठी सर्वांत मऊ खोगीर कोणतं.

मी बरीच वर्षं घोडे फिरवतोय आणि खोगिरं बसवून देतोय. एवढ्या काळात केवळ मऊ खोगिरानं एखाद्या घोड्याचा त्रास गेल्याचं मला आठवत नाही. स्वाराचं वजन कण्यावर येऊ न देता त्याच्या दोन्ही अंगांच्या स्नायूंवर पसरवायचं आणि घोडा चालताना त्याच्या खांद्यांना वाट द्यायची, हे खोगिराचं काम. आतला सांगाडा, म्हणजे ट्री, पाठीशी जुळत नसेल तर वर कितीही मऊ कातडं असो, दाब जिथे आहे तिथेच राहतो. त्यात जाड पॅड घातलं की बोटात रुतलेल्या अंगठीखाली कापूस कोंबल्यासारखं होतं. म्हणून तुमच्या प्रश्नातला ‘कोणतं’ मी जरा बाजूला ठेवतो आणि ‘कधी’ विचारतो. घोडी कोणत्या क्षणी नको म्हणते? उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय: तंग कसताना, स्वार झाल्यावर सुरुवातीला, आणि लगाम डोक्यावरून नेताना. या तीन क्षणांचं मूळ एकच असेल किंवा तीन निराळी असतील. मी घोडी पाहिलेली नाही. तिची ठेवण, ती किती काम करते, तुमचं वजन आणि बसण्याची पद्धत यांवर बरंच काही अवलंबून आहे. पण शोध कोणत्या क्रमानं घ्यायचा, ते नक्की सांगता येईल.

सगळ्यात आधी पशुवैद्य. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. तंग पाहून चिडणाऱ्या घोड्यांत जठराचे व्रण हे वारंवार सापडणारं कारण आहे. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसभर पाझरत असतं, पोटात चारा असो वा नसो, आणि जठराच्या वरच्या भागाला त्यापासून वाचवणारं अस्तर नसतं. चाऱ्याच्या दोन वेळांमध्ये फार अंतर राहत असेल, दाण्याचं प्रमाण जास्त असेल, काम जोराचं असेल तर व्रण होण्याची शक्यता वाढते. एन्डोस्कोपी केल्याशिवाय ते खात्रीनं कळत नाहीत. पाठीचे मणके, मागचे पाय आणि दात हेही त्याच भेटीत तपासून घ्या.

मागच्या पायांचं मी मुद्दाम म्हणतोय, कारण त्यात मी स्वतः चुकलोय. एका घोड्याचं खोगीर सारखं उजवीकडे सरकायचं. मी खोगिराखालच्या एका बाजूच्या गादीत लोकर भरली, मग पॅडखाली पट्ट्या घातल्या, मग तंग बदलला. दीड-दोन महिने गेले. शेवटी पशुवैद्यानं मागच्या उजव्या पायातलं लंगडेपण दाखवून दिलं. ते इतकं बारीक होतं की मला डोळ्यांनी कधी दिसलंच नव्हतं. पायावर उपचार झाले आणि खोगीर आपोआप मधे बसायला लागलं. खोगीर एकाच बाजूला सरकणं हे मागच्या पायाच्या लंगडेपणाचं लक्षण असू शकतं, हे आता अभ्यासांतूनही दिसून आलंय. ते दोन महिने तो घोडा दुखऱ्या पायानं माझ्यासाठी काम करत होता, हे मला आजही लागतं. तुमची घोडी मोकळी व्हायला दहा मिनिटं घेते, म्हणून तुम्हाला हे आधी सांगतोय.

पशुवैद्याला दाखवायला एक व्हिडिओ करून ठेवा. खोगीर आणल्यापासून काम संपेपर्यंतचा, कुणाकडून तरी बाजूनं आणि मागून काढून घेतलेला. स्यू डायसन या ब्रिटिश पशुवैद्यक संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वार पाठीवर असताना घोडा वेदना कशी दाखवतो याची २४ वर्तनांची यादी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. कान पाच सेकंद किंवा जास्त वेळ मागे पडलेले राहणं, तोंड वारंवार उघडणं, शेपटी झटकत राहणं, एकटक ताणलेली नजर, अशा त्या खुणा. यांतल्या आठ किंवा अधिक दिसल्या तर स्नायू, सांधे किंवा हाडांच्या दुखण्याची दाट शक्यता धरतात. आठपेक्षा कमी दिसल्या म्हणजे दुखत नाही, असा मात्र त्याचा अर्थ लावू नका. मला या यादीचा मोठा उपयोग असा वाटतो की ‘स्वभावच तसा आहे’ या वाक्याऐवजी मोजायला काहीतरी हातात येतं.

आता पाठ. खोगीर न आणता, घोडी सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभी असताना, उघडा तळवा विदर्सपासून (मान संपते तिथला खांद्यांवरचा उंचवटा) कमरेपर्यंत सावकाश दाबत न्या. बोटं खुपसू नका. बोट खुपसलं तर निरोगी घोडाही दचकेल. माशी बसली तरी घोडा कातडी थरथरवतो, त्यामुळे नुसती कातडी हलली तर घाबरू नका. हाताखालचा स्नायू दगडासारखा कडक होतो का, पाठ खाली झुकते का, ती अंग चोरते का, डोळ्याभोवती ताण येतो का, हे बघायचं. विदर्सच्या खाली, खांद्याच्या पात्यामागे दोन्ही बाजूंना खळगे आहेत का? तिथला स्नायू झिजला असेल तर आधीच्या खोगिराचा सांगाडा अरुंद असण्याची शक्यता मोठी. पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे जुन्या दाबाची जखम. ते आजच्या खोगिराचेच असतील असं नाही, पण तिच्या आठवणीत ते आहेतच.

मग पाठीचा आकार कागदावर उतरवा. चित्रकलेच्या सामानात जी हवी तशी वळणारी पट्टी मिळते, ती घ्या. खांद्याच्या पात्याच्या मागच्या कडेपासून दोन बोटं मागे ती पाठीवर आडवी दाबून बसवा, आकार न मोडता उचला आणि कागदावर रेघ काढा. डावी-उजवी बाजू आणि तारीख लिहा. दुसरी रेघ पाठीच्या सर्वांत खोल जागी, तिसरी शेवटच्या बरगडीपाशी. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. बोटं मागे नेत शेवटची बरगडी शोधा आणि तिच्या वळणानं वर कण्यापर्यंत या. खोगिराचा भार या रेषेच्या मागे जाता कामा नये, कारण त्यापुढे कमरेला बरगड्यांचा आधार नाही. पहिली रेघ पुठ्ठ्यावर कापून घोडीच्या पाठीला लावून पडताळा आणि मग खोगिराच्या पुढच्या कमानीखाली धरून बघा. तीन खोगिरं का जुळली नाहीत, हे या पुठ्ठ्याच्या तुकड्यावरून कदाचित पाच मिनिटांत कळेल. बहुतेक घोड्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो, तोही यात स्पष्ट दिसतो. अशा वेळी खोगीर मोठ्या खांद्याला पुरेल असं घ्यायचं आणि लहान बाजू भरून काढायची.

खोगीर बसतं की नाही ते पॅडशिवाय तपासा. ते थोडं पुढे ठेवून मागे सरकवा. जिथे आपणहून थांबेल ती त्याची जागा. बरेच जण खोगीर फार पुढे बांधतात. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं, त्याचं धड दोन पुढच्या पायांमध्ये फक्त स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. पाय पुढे गेला की खांद्याच्या पात्याचा वरचा, कूर्चेचा भाग मागे फिरतो. सांगाड्याचं टोक तिथे आड आलं तर प्रत्येक पावलाला तो भाग त्यावर घासतो. मदतनिसाला घोडीचा पुढचा पाय हळूच उचलून पुढे ताणायला सांगा आणि तुमचा हात खोगिराच्या पुढच्या कडेखाली ठेवा. पातं कुठवर येतं ते हातालाच समजेल.

मग विदर्स आणि कमान यांच्यात दोन-तीन बोटांची जागा आहे का ते बघा, वरूनही आणि बाजूंनीही. बाजूंची जागा लोक विसरतात. दोन गाद्यांमधली चर पुढून मागेपर्यंत तीन-चार बोटं रुंद हवी. मागून वाकून पाहिलं तर आरपार उजेड दिसला पाहिजे. गाद्यांखाली हात घालून पुढून मागे न्या. पुढे दाब, मागे दाब आणि मधे हात सैल पडला तर खोगीर पुलासारखं दोन टोकांवर टेकलंय. पुढून-मागून दाबल्यावर ते झोपाळ्यासारखं डुलत असेल तर उलटा दोष, सगळा भार मधे. बैठकीची सर्वांत खोल जागा मध्यावर हवी. ती मागे असेल तर तुम्ही सतत मागे पडाल आणि तुमचं वजन गाद्यांच्या मागच्या टोकांवर येईल. हेच सगळं तंग कसल्यावर आणि तुम्ही वर बसल्यावर पुन्हा बघायचं, कारण रिकाम्या खोगिराची जागा वजन पडलं की कमी होते. खोगीर तुमच्या मांडीलाही पुरेसं हवं. लहान बैठकीत स्वार मागच्या काठावर सरकतो आणि त्याचा भुर्दंड घोडीच्या कमरेला पडतो.

घामाच्या खुणांवर मी फारसा विसंबत नाही. ओल्या पाठीवर मधेच कोरडा डाग दिसला तर तिथे दाब इतका असू शकतो की घामच आला नाही, किंवा खोगीर तिथे टेकतच नसेल. दोन्ही वेळा डाग सारखाच दिसतो. हात फिरवून, उमटलेले केस पाहून, दुसऱ्या दिवशी पाठ पुन्हा दाबूनच ठरवा.

पहिल्या दहा मिनिटांबद्दल. कामानं घोड्याची पाठ तात्पुरती थोडी भरते, रुंद होते. सुरुवातीला आखडून चालणारा घोडा नंतर मोकळा होतो तो कधी स्नायू गरम झाल्यानं, कधी दुखणं अंगवळणी पडल्यानं. त्यामुळे ‘नंतर बरी चालते’ यानं निश्चिंत होऊ नका. दोन गोष्टी मात्र लगेच बदलता येतील. खोगीर सैल तंगावर चढवून तिला दहा मिनिटं हातात धरून चालवा, मग तंग कसा, मग स्वार व्हा. आणि जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून चढू नका, ठोकळा वापरा. डावीकडून चढताना खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि सांगाडा विदर्सच्या उजव्या बाजूला रुततो. दिवसाची सुरुवातच अशी झाली तर तिनं पाठ ताठ करण्यात नवल काय?

तंगाकडे येतो, कारण तुमच्या घोडीची सगळ्यात स्पष्ट तक्रार तीच आहे. कोपराच्या मागे छाती जिथे अरुंद होते, तिथे तंग आपोआप जाऊन बसतो. खोगिराचे पट्टे त्या जागेच्या सरळ वर नसतील तर तंग पुढे सरकताना खोगिरालाही खांद्यावर ओढून नेतो. काही घोड्यांची ही जागा फार पुढे असते. त्यांना सरळ तंगापेक्षा कोपरापाशी कापलेला, वळणाचा तंग बरा पडतो. बकल कोपराच्या मागे येतं का ते पाय पुढे-मागे करून बघा. रबर दोन्ही टोकांना तरी असावा किंवा अजिबात नसावा. एकाच टोकाला असेल तर खोगीर एका बाजूला ओढलं जातं, आणि रबर असला की माणूस नकळत जास्त कसतो. किती कसला ते बाजूला बोट घालून कळत नाही, तिथे तंग नेहमीच सैल भासतो. दोन पायांच्या मधे, छातीच्या हाडापाशी बोटं घालून बघा. ती किंचित दाबून आत जायला हवीत. कसायचा तो एकेक भोक, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, मधे चार पावलं चालवून. शेवटी पुढचे दोन्ही पाय एकेक करून हळुवार पुढे घ्या, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी सुटते. लोकरीचं आवरण वाईट नाही, पण त्यात घामाचं मीठ, वाळू आणि गवताची कुसळं अडकतात. ते तुम्ही शेवटचं कधी धुतलं? धुतल्यावर साबण पूर्ण निघाला होता का? नाजूक कातडीच्या घोड्यांत एवढ्यावरून काखेत चट्टे आलेले मी पाहिलेत.

जेलचं पॅड तूर्त काढून ठेवा. खोगीर जुळत असेल तर पातळ, घाम शोषणारं सुती किंवा लोकरीचं पॅड पुरतं. ते वर ओढून खोगिराच्या चरीत नीट घाला, विदर्सवर ताणलेलं राहू देऊ नका. जाड पॅडला जागा आहे ती फक्त खोगीर मुळातच थोडं रुंद असेल तेव्हा, आणि तीही तात्पुरती. बिनसांगाड्याच्या खोगिराचा विचार मनात आला असेल तर एवढंच लक्षात घ्या की कण्याला मोकळीक आणि वजन पसरवणं, ही दोन्ही कामं सांगाडाच करतो. हलका स्वार, थोडा वेळ आणि भरलेली पाठ असेल तर ते चालून जाऊ शकतं. तुमच्या घोडीवर आत्ता नको.

लगामाचा त्रास नंतर सुरू झालाय, म्हणून आधी आठवा, त्याच सुमारास काही बदललं होतं का: नवा बिट (तोंडातला धातूचा दांडा), नवा नोजबँड (नाकावरून जाणारा पट्टा), लगाम चढवणारा नवा माणूस? दात तपासताना बिट जिथे टेकतो त्या जागेकडे आणि वरच्या लहान दाताकडे खास बघायला सांगा. बिट ओठांच्या बाहेर प्रत्येक बाजूला जेमतेम अर्धा सेंटिमीटर असावा. जाड बिट सौम्य, हा समज सगळ्यांना लागू पडत नाही. घोड्याची जीभ मोठी, टाळू ठेंगणी, तोंडात मोकळी जागा मुळात थोडी, त्यामुळे काहींना जाड बिट कोंडल्यासारखा होतो. डोक्यामागचा पट्टा कानाच्या बुडाला घासत नाही ना, कपाळपट्टी आखूड असल्यानं तो पुढे ओढला जात नाही ना, हे बोट फिरवून बघा. नोजबँड नाकाच्या हाडावर, समोरून, दोन बोटं सहज जातील इतका सैल ठेवा. बाजूनं मोजलं तर फसगत होते. काही दिवस तो पूर्ण काढूनच बघा. आणि लगाम चढवताना कान मुरगळून आत घालण्यापेक्षा गालाचे पट्टे दोन भोकं सैल करून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही निराश व्हाल. सगळं दुरुस्त झालं तरी ती काही दिवस कान पाडेलच. वर्षभर तंग म्हणजे दुखणं, हे ती शिकली आहे. आठवण आणि आजचं दुखणं यांत फरक असा, की आठवण दिवसागणिक फिकी होत जाते. दुखणं तसंच राहतं किंवा कामाबरोबर वाढतं. म्हणून तंग नुसता दाखवा, ती शांत राहिली की मान खाजवा, बाजूला ठेवा. मग अंगाला लावा, काढा. मग सैल बांधा, सोडा. चावायला आली तर मारू नका. एक पायरी मागे या. किती दिवस लागतील ते घोडीवर आहे.

तर तुमच्यापुरता क्रम असा: पशुवैद्य आणि व्हिडिओ, मग पाठीच्या तीन रेघा, मग आहे तेच खोगीर पॅडशिवाय तपासणं, मग तंग, मग लगाम. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारखेसह लिहा. खोगीर बदलावंच लागलं तर जुनं घ्यायला हरकत नाही, सांगाडा पिळलेला किंवा तडकलेला नसला म्हणजे झालं. बसवून देणारा माणूस तुम्हाला स्वार झालेलं न बघताच ‘छान बसतंय’ म्हणाला तर दुसरा शोधा. रेघा दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढा. सात वर्षांच्या घोडीचा कणा वाढून झालाय, पण काम आणि ऋतू यांनी स्नायू बदलत राहतात, आणि नवी लोकर भरलेल्या गाद्याही काही महिन्यांत बसतात.

पशुवैद्य येईपर्यंत स्वार होणं थांबवा. आज संध्याकाळी खोगीर बाहेर काढूच नका. घोडीला मोकळी उभी करा, तंग जिथे येतो त्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी तळवा फिरवा, आणि कान नेमके कुठे हात गेल्यावर हलतात ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ते इथे कळवलंत तर पुढचं बोलू.